शाळेची निवडणूक: मत आहे, मतपेटी नाही

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना निवडणूक शिकवावी लागत नाही. न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याची किंवा पाटसच्या भीमा कारखान्याची निवडणूक लागली, की कोणत्या गटातून कोण उभा आहे आणि कोणाचे पॅनेल कशामुळे अडचणीत आहे, याची उजळणी पारावर आणि चहाच्या टपरीवर रोज होते. विकास सोसायटी, बाजार समिती, दूध संस्था, ग्रामपंचायत या सगळ्यांच्या मतपत्रिका, चिन्हे, छाननी आणि माघारीची तारीख इथल्या सामान्य शेतकऱ्याला तोंडपाठ असते. याच गावांत दर दोन वर्षांनी आणखी एक निवडणूक होते. ती जिल्हा परिषदेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत होते आणि तिच्यातून शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य निवडले जातात. या निवडणुकीची तारीख मात्र फारशी कोणाला माहीत नसते, उमेदवार कोण हे कळत नाही आणि निकाल लागल्याचेही पुष्कळ पालकांना समजत नाही. कायद्याने पालकाच्या हाती दिलेले हे मत आपण वापरतच नाही. ते खऱ्या मतदानाने आणि गुप्तपणे वापरले गेले, तर गावच्या शाळेचा कारभार सुधारण्याचे याहून स्वस्त आणि याहून जवळचे साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने जून २०१० मध्ये निर्णय काढून याचा तपशील ठरवला. पालक सदस्यांची निवड पालकसभेतून व्हायची. उरलेल्या जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक लोकप्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ यायचा. अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच होतो, मुख्याध्यापक हे पदसिद्ध सदस्य सचिव असतात आणि समितीची मुदत दोन वर्षांची असते. थोडक्यात, शाळेच्या कारभारात बहुमत पालकांचे आहे. सरपंच, शिक्षक आणि अधिकारी यांच्यापैकी कोणाचेही नाही.

हा केवढा मोठा बदल होता, हे कळण्यासाठी मागे जावे लागते. मुंबई प्रांतात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवला आणि १९४७ च्या कायद्याने त्या व्यवस्थेची फेरमांडणी केली. जिल्हा स्कूल बोर्डाचे सदस्य जिल्हा लोकल बोर्डाकडून निवडले जात, म्हणजे गावकऱ्याने लोकल बोर्डाला मत द्यायचे आणि तिथल्या लोकांनी शाळेचे कारभारी ठरवायचे. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तिथेही शिक्षण समितीवर कोण जाणार हे निवडून आलेले सदस्यच ठरवतात. गावात ग्राम शिक्षण समित्या आल्या, पण त्यांचा सूर सरपंचाच्या कलाने लागत असे. म्हणजे मांडवगण फराट्याच्या किंवा राहूच्या शेतकऱ्याला स्वतःच्या मुलाच्या शाळेसाठी थेट मत देण्याची संधी २०१० पर्यंत कधी मिळालीच नव्हती. शाळा आणि मतदार यांच्यामध्ये नेहमी एकदोन पायऱ्या असत. व्यवस्थापन समितीने त्या पायऱ्या काढून टाकल्या.

त्या पायऱ्यांवर विसंबून राहणे किती धोक्याचे असते, हे अलीकडेच दिसले. पुणे जिल्हा परिषदेची २०१७ साली निवडून आलेली मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्याने पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात जिल्ह्याला निवडून आलेली शिक्षण समिती नव्हती आणि शाळेचे गाऱ्हाणे मांडायला आपल्या गटाचा सदस्यही नव्हता. गळके छप्पर, रिकामे शिक्षकपद, बंद पडलेले स्वच्छतागृह हे सगळे थेट अधिकाऱ्यापुढे न्यावे लागे. तेव्हाही प्रत्येक शाळेत पालकांची समिती कायद्याने अस्तित्वात होतीच. वरची संस्था मुदत संपून रिकामी होऊ शकते, पण शाळेत मुले आहेत तोवर समिती संपत नाही. ज्या समितीमागे पालकांचे खरे मत असेल, ती अशा वेळी अधिकाऱ्याशी ताठ मानेने बोलू शकते. कागदावर जुळवलेली समिती ते करू शकत नाही.

या निवडणुकीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मात्र तिच्या मतदारयादीत आहे. इतर प्रत्येक निवडणुकीत गावच्या यादीत नाव लागते, सोसायटीत शेअर्स लागतात, कारखान्यात सभासदत्व लागते, म्हणजे बहुधा जमीन लागते. इथे लागते फक्त शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव. शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांत हा फरक फार मोलाचा आहे. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखान्यांच्या मागोमाग मराठवाडा, विदर्भ, बिहार आणि उत्तर प्रदेशातून माणसे आली आणि भाड्याच्या खोल्यांत राहिली. दौंडमध्ये कुरकुंभच्या कारखान्यांनी आणि केडगाव परिसरातल्या गुऱ्हाळांनी तशीच माणसे आणली. यांतल्या अनेकांचे मतदान अजून मूळ गावी आहे. ग्रामसभेत त्यांना कोणी विचारत नाही, सोसायटीशी त्यांचा संबंध नाही. पण त्यांची मुले इथल्या जिल्हा परिषद शाळेत बसतात. पालकसभेत दहा एकर बागायतदाराचे मत जेवढे, तेवढेच सणसवाडीत भाड्याने राहणाऱ्या कामगाराचे. या भागात बाहेरून आलेल्या कष्टकऱ्याला मिळालेला बरोबरीचा हा बहुधा एकमेव स्थानिक मताधिकार आहे. उलट, भरमसाट फी भरून मुलाला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पालकाला हा अधिकार नाही, कारण कलम २१ त्या शाळांना लागूच होत नाही. तिथे फीच्या प्रश्नापुरती पालकांची कार्यकारी समिती असते आणि तिचे सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जातात.

आता ही निवड प्रत्यक्षात कशी उरकली जाते ते पाहू. मुदत संपत आली की केंद्रप्रमुखांकडून आठवण येते. मुख्याध्यापक मुलांच्या हाती सूचना पाठवतात. सभा बहुधा शाळेच्या वेळेत, म्हणजे कामाच्या दिवशी ठेवली जाते. वर्गात सतरंजीवर काही आया आणि दारात उभे असलेले दोनचार पुरुष, एवढीच हजेरी असते. कोणीतरी आधी ठरलेली नावे वाचतो, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नावे इतिवृत्तात लिहिली जातात, टाळ्या वाजतात आणि निवड बिनविरोध झाल्याची नोंद होते. जे आले नाहीत त्यांच्या सह्या पुढच्या दोन दिवसांत घरोघर जाऊन घेतल्या जातात. महिलांची निम्मी संख्या आणि वंचित घटकांचे प्रमाण कागदावर जुळवले जाते. काही महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर नावे रंगवली जातात आणि तिथे आपले नाव पाहून एखाद्या आईला ती सदस्य असल्याचे कळते. यात मुख्याध्यापकाचा कुहेतू असतो असे नाही. दोन शिक्षकी शाळेत अध्यापनासोबत पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरता भरता त्याच्या नाकी नऊ आलेले असतात, आणि समिती स्थापन करणे हे त्याच्या यादीतले आणखी एक काम ठरते. पण हेतू चांगला असला, तरी निवड झाली असे म्हणता येत नाही.

एवढा आग्रह कशासाठी, समितीच्या हातात असते तरी काय, असे कोणी विचारेल. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही कामे कायद्यानेच समितीला दिली आहेत. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. रक्कम लहान वाटते, पण खडू, फळा, पंखा, नळ आणि स्वच्छतागृहाची डागडुजी याच पैशांतून होते. ती कुठे खर्च झाली, हे विचारण्याचा पहिला हक्क पालक सदस्याचा आहे. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी चाखून पाहायचा असतो आणि त्याची नोंद चव नोंदवहीत करायची असते. ती नोंद रोज खरी होते की महिन्याची एकदम भरली जाते, हे ज्याचे मूल त्या पंगतीत बसते त्याच्याइतके कोणीही कळकळीने तपासणार नाही.

गणवेशाचे उदाहरण याहून बोलके आहे. मोफत गणवेशासाठी एका मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये, म्हणजे ८० मुलांच्या शाळेत ४८,००० रुपये. हे काम शाळा व्यवस्थापन समितीच करत असे. समिती गावातला किंवा बाजारपेठेतला शिंपी ठरवायची आणि मुलांची मापे शाळेतच घेतली जायची. २०२४-२५ या वर्षी शासनाने एक राज्य, एक गणवेश असे धोरण धरून कापडाची खरेदी राज्यपातळीवर केली आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी गणवेश आले नाहीत आणि आले तिथे मापे चुकल्याच्या तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. मंत्रालयाला जे जमले नाही, ते गावच्या पालकांना जमते, याची ही शासनानेच दिलेली कबुली आहे. मात्र हा विश्वास समितीवर आहे. ती समिती कागदावरची असेल, तर विश्वासही कागदावरचाच राहील.

पहिला आक्षेप सगळ्यांच्या ओठावर असतो: मतदान घेतले तर गावचे राजकारण शाळेत शिरेल, भावकीत भांडणे लागतील, लेकरांचे नुकसान होईल. ही भीती खोटी नाही. गावकी-भावकीचे वैर किती खोल जाते, हे या भागाला सांगायला नको. पण बिनविरोध निवडीने राजकारण टळते हे मात्र खरे नाही. नावे आधी ठरतात ती कोणीतरी ठरवतो, आणि ज्याचा गावात दबदबा आहे तोच ती ठरवतो. हात वर करून किंवा टाळ्या वाजवून होणाऱ्या निवडीत मजूर आपल्या मालकाविरुद्ध आणि भाडेकरू आपल्या घरमालकाविरुद्ध उघडपणे कसा जाईल? गुप्त मत हा त्याच दबावावरचा उतारा आहे. इंग्लंडमधल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत नियामक मंडळावरचे पालक प्रतिनिधी निवडताना मतदान गुप्तच घ्यावे लागते. मतपत्रिका टपालाने पाठवण्याची किंवा शाळेत शिकणाऱ्या मुलाच्याच हाती परत देण्याची सोयही तिथल्या नियमांत आहे. आपल्याकडेही बंद लिफाफा मुलाच्या दप्तरात घालून शाळेत पोचवता येईल. त्यासाठी निवडणूक आयोगाची, बंदोबस्ताची किंवा मोठ्या खर्चाची गरज नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो. अल्पशिक्षित पालकांना शिक्षणातले काय कळणार, असे ते म्हणतात. अध्यापन कसे करावे यात पालकांनी ढवळाढवळ करू नये, हे मान्य आहे. कायदाही समितीकडे गणिताचा धडा तपासायला देत नाही. शिक्षक वेळेवर येतात का, शाळेत न येणारे मूल का येत नाही, पाण्याची टाकी धुतली जाते का, अनुदान कुठे गेले, हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ज्या बाईने बचत गटाचा हिशोब दहा वर्षे चोख ठेवला, तिला शाळेची पंचवीस हजारांची जमाखर्च वही वाचता येणार नाही, असे मानणे तिचा अपमान करणे आहे. जिथे शैक्षणिक जाणकारी हवी, तिथे शिक्षणतज्ज्ञाची जागा कायद्याने ठेवलीच आहे. ती जागा एखाद्या पुढाऱ्याची सोय लावण्यासाठी नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत विज्ञान शिकण्याची पद्धत तिथून अनेक शाळांत गेली. ज्या तालुक्याने असे काम पाहिले आहे, तिथल्या पालकांना खरा शिक्षणतज्ज्ञ ओळखायला अडचण येऊ नये. निवृत्त शिक्षिका, अंगणवाडीतली अनुभवी ताई, शेती शिकलेली तरुणी यांच्यापैकी कोणीही त्या जागेला न्याय देईल.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे. पालक सभेला येतच नाहीत, मग मतदान कोणाचे घ्यायचे? पण सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर पाळीवर जाणारा कामगार येणार कसा आणि खुरपणीला गेलेली आई रोज बुडवणार कशी? कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला किंवा संध्याकाळी सातनंतर सभा ठेवून पाहावी, मग अनास्थेचा दोष द्यावा. ऊसतोड कामगारांचा प्रश्न याहून अवघड आहे, हे मान्य करायला हवे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून गाळप हंगामात आलेल्या कुटुंबांची मुले चारपाच महिने इथल्या शाळेत बसली, तरी दोन वर्षांच्या समितीत त्यांच्या आईवडिलांना स्थान देणे कठीण आहे. तरी हंगामात होणाऱ्या मासिक बैठकांना त्यांच्या फडावरच्या दोघांना बोलावून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहिणे कोणत्याही नियमाच्या आड येत नाही.

चौथा मुद्दा महिलांचा आहे. निम्म्या जागा दिल्या, पण बैठकीला त्यांचे नवरे येतात, असे म्हणतात आणि ते अनेक ठिकाणी खरेही आहे. यावर उपाय जागा कमी करणे हा नाही. ज्या बाईचे नाव न विचारता लिहिले जाते, ती बैठकीला जात नाही. जी स्वतः उभी राहते आणि इतर आयांची मते घेऊन निवडून येते, ती सहसा नवऱ्याला पुढे करत नाही. शाळेशी रोजचा संबंध आयांचाच असतो. डबा, दप्तर, ताप, गणवेश हे सगळे त्या पाहतात, आणि खऱ्या मतदानाचा सर्वांत जास्त लाभही त्यांनाच होईल.

शेवटचा आक्षेप असा, की शाळा मोठ्या होतात त्या चांगल्या शिक्षकामुळे, समितीमुळे नाही. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा या तालुक्याचा अभिमान ठरली, ती शिक्षकांच्या कल्पकतेने आणि ग्रामस्थांच्या साथीने. एका वस्तीवरच्या शाळेत प्रवेशासाठी पालकांची रीघ लागावी, ही मोठी गोष्ट होती. पुढे तिथल्या कारभारावरून वादही झाले. त्या वादात कोण बरोबर होते, हा या लेखाचा विषय नाही. पण चांगल्या शिक्षकाची बदली होते आणि लोकसहभागाचा पैसा आला की प्रश्नही येतात, हे दोन्ही गृहीत धरले पाहिजे. शिक्षक बदलला तरी काम चालू राहावे आणि प्रत्येक रुपयाचे उत्तर इतिवृत्तात सापडावे, यासाठी पालकांनी निवडलेली आणि पालकांना जबाबदार असलेली समितीच हवी. चांगला शिक्षक आणि चांगली समिती यांत निवड करायची नाही, दोन्ही हवेत.

करायचे ते फार नाही. समितीची मुदत कधी संपते, हे शाळेच्या फलकावर ठळक लिहावे. सभेची सूचना किमान पंधरा दिवस आधी, ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर, मराठीसोबत गरज असेल तिथे हिंदीतही जावी. प्रत्येक इयत्तेतून उमेदवारी मागवावी आणि मत चिठ्ठीवर गुप्त घ्यावे. मतमोजणी सगळ्यांसमोर करून निकाल त्याच दिवशी भिंतीवर लावावा. शिरूर आणि दौंडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या तालुक्यांत हा एक प्रयोग केला, तर जिल्ह्याला धडा मिळेल. पण अधिकाऱ्यांची वाट न पाहताही पालक सुरुवात करू शकतात. तुमचे मूल जिल्हा परिषद शाळेत असेल, तर उद्या मुख्याध्यापकांना भेटा. सध्याच्या समितीची यादी आणि मुदतीची तारीख विचारा आणि पुढच्या पालकसभेत मत चिठ्ठीवर घ्यावे, असा लेखी अर्ज द्या. पाचदहा पालकांच्या सह्यांचा अर्ज कोणत्याही शाळेला सहज डावलता येत नाही.